तोलाऱ्याला विचारणे

सुतळीच्या दुकानाशेजारून जिना वर येतो,
इंदूरच्या छावनी मंडीतलं आमचं ऑफिस तिथं.
झोकरकर गेले मार्गशीर्षात,
तेराव्यानंतर शेठ म्हणाले, ताई, आता ती फाइल तुमची.
चार हजार एकशे ओळी, पर्लच्या.
मंडीतल्या सोयाबीनचं आमचं प्रत्येक पोतं
रोज त्यातून जातं.

पर्ल मला येते, थोडी.
तिच्यात एक खूण आहे, डॉलरच्या पायाशी नुसती आडवी रेघ,
म्हणजे ‘ते’. ज्याबद्दल चाललंय, ते.
आईनं जन्मभर बाबांचं नाव घेतलं नाही,
तरी घरात कोणाबद्दल चाललंय ते सगळ्यांना कळायचं, तसं.
आणि दर वेळी फाइल उघडताना एक धमकी:
उघड, नाहीतर मर.
झोकरकर स्वतः फार मवाळ माणूस.
चहा सांडला तरी टेबलाची माफी मागणारे.

तर उघडायचं कशात?

ऋत्विज पुण्याहून म्हणाला, आई, सगळे हाच एडिटर वापरतात.
उतरवून घेतला. काळी पाटी, सात रंग,
आणि कॉम्प्युटरचा पंखा असा घुमायला लागला
की खालून नाहटांनी विचारलं,
बहनजी, चक्की बिठाई क्या?
एकशे नव्वदाव्या ओळीत एक तिरकी रेघ होती,
तिथं तो बिचकला,
आणि खालचा सगळा हिशेब शेवटपर्यंत हिरवा,
शेवाळ धरलेल्या हौदासारखा.

दुसऱ्यात शिरले, बाहेर पडता येईना.
एस्केप, कोलन, क्यू,
हे जेवणाच्या सुट्टीनंतर कळलं.

तिसऱ्याला एका दमात तीन-चार बोटं लागतात.
रामबागेत बिडवईबाईंकडे तीन वर्षं पेटी शिकलेय मी,
तरी नाही जमलं.

चौथा साधा, मुनीमजींच्या वहीसारखा.
त्यानं प्रत्येक ओळीच्या शेवटी
न दिसणारं काहीतरी ठेवून दिलं
आणि त्या रात्री बिलं निघालीच नाहीत.

शेठ म्हणाले, पेन निवडायला इतके दिवस?
पेन नाही हो, चष्मा, मी म्हटलं.
उगीच बोलायचं म्हणून बोलले.

मग बाराशे बाराव्या ओळीवर आले.
तिथं जाळीच्या खुणेपुढे
झोकरकरांनी चक्क मराठीत लिहिलंय:
तोलाऱ्याला विचारणे.

दुसऱ्यानं यातला काना शेजारच्या घरात नेऊन ठेवला होता.
तिसऱ्यानं र आणि य वेगळे काढले,
मध्ये कर्सर, वाटणीच्या भिंतीसारखा उभा.
चौथ्यात चौकोन, चौकोन, चौकोन.
मला वाटलं होतं, फाइलच खराब आहे.
पाचवा एक होता, जुना, ज्याचं आता कोणी नावही काढत नाही,
तीनच रंगांचा.
त्यानं ऱ्या अखंड दाखवला,
ती पापणीएवढी वळलेली रेघसुद्धा.

त्या ओळीखाली एक वजाबाकी आहे.
पोत्यामागे सहाशे ग्रॅम, बारदानाचे.

खाली गेले. काट्यापाशी भेरूलाल
तळहातावर तंबाखू मळत बसला होता.
छह सौ? तो हसला. वो तो टाट की बोरी थी.
अब पन्नी की आती है, मुश्किल से सवा सौ।
झोकरकर साब हर दिवाली पूछने आते थे।
दो साल से नहीं आए।

दोन वर्षं ते डायलिसिसला जात होते,
सोमवारी आणि गुरुवारी.

सहाशेतून सव्वाशे गेले.
उरले ते किती पोत्यांनी गुणायचे
हे जिना चढताना मी मोजत होते,
आणि मधल्या पायरीवर मोजणं सोडलं.

आता कर्सर त्या सहावर लुकलुकून राहिलाय.
दारातून शेठ विचारतात,
झालं का ताई, निवडून?

हो, म्हटलं.
एडिटर निवडला.
जरा बसा.